विंडोज राहू द्या, शेजारी लिनक्स येऊ द्या
वाचकांचे प्रश्न : संगणक

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. ५१२ जीबीची एसएसडी, ८ जीबी रॅम. टॅलीसाठी मला विंडोज लागतेच, आणि मुलीला अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी लिनक्स हवे आहे. सीताबर्डीतल्या एका दुकानात सांगितले, "पूर्ण फॉरमॅट मारावं लागते." खरेच लागते का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नाही, फॉरमॅटची गरज नाही. दोन्ही एकाच एसएसडीवर राहतात आणि लॅपटॉप सुरू करताना कोणते उघडायचे ते विचारले जाते. फक्त निम्म्याहून जास्त काम विंडोजमध्येच आधी उरकायचे असते. ते टाळून थेट पेनड्राइव्ह लावला की डेटा जाण्याची वेळ येते.

टॅलीचा डेटा आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडून 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा. विंडोज ११ चे बरेच लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केले की हे आपोआप चालू होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पुढे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदलले, की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कुणालाच काढून देता येत नाही, दुकानदारालाही नाही. म्हणून मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ही की कागदावर लिहून घ्या. लॅपटॉपमध्येच सेव्ह करून ठेवली तर ऐन वेळी उपयोग नाही. त्यानंतर एन्क्रिप्शन बंद करा. डिस्क पूर्ण उलगडायला तासभरही लागू शकतो, तेवढे थांबा.

कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मधून 'फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. कारण पुढच्या उत्तरात आहे.

आता जागा. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, सी ड्राइव्हवर उजवी क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. आकडा एमबीत मागतात. ८० जीबीसाठी ८१९२० लिहा. अभ्यासाला एवढे पुरते. ५० च्या खाली जाऊ नका. इथे बरेच जण अडतात : सीमध्ये २०० जीबी मोकळे दिसते, पण श्रिंक जेमतेम ९,००० एमबी देते. कारण हायबरनेशनची (लॅपटॉप झोपवताना चालू काम साठवणारी) फाइल, पेज फाइल (रॅमला जोड म्हणून वापरली जाणारी) आणि सिस्टिम रिस्टोरच्या प्रती ड्राइव्हच्या मध्यावर ठाण मांडून बसलेल्या असतात आणि चालू विंडोजला त्या हलवता येत नाहीत. तिन्ही तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा श्रिंक करा. मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' म्हणूनच राहू द्या. तिचा नवा ई ड्राइव्ह बनवू नका.

लिनक्सचा एक प्रकार, लिनक्स मिंट २२, डाउनलोड करून घ्या, त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. फाइल जवळपास ३ जीबीची आहे, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचे सगळे मात्र पुसले जाईल. रूफस या प्रोग्रॅमने ही फाइल पेनड्राइव्हवर चढवताना जीपीटी (डिस्कच्या मांडणीची पद्धत) आणि यूईएफआय (बायोसची नवी आवृत्ती) हे पर्याय निवडा. लॅपटॉप सुरू होताच बूट मेन्यू (कशावरून सुरू व्हायचे ते विचारणारी यादी) उघडून पेनड्राइव्ह निवडा : डेल, लेनोवो, एसरमध्ये बहुधा एफ१२, एचपीत एफ९, आसुसमध्ये एस्केप. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी बायोसमधली सोय) बंद करण्याची गरज नाही.

मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालते. वायफाय, आवाज, टचपॅड तिथेच तपासा. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे नेट केबलमधून लॅपटॉपला देणे) सुरू करा, ड्रायव्हर उतरवण्यापुरते नेट मिळते. इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' हा पर्याय निवडलात तर विंडोजसकट सगळे जाईल. 'समथिंग एल्स' घ्या, 'फ्री स्पेस'वर अधिकची खूण दाबा, प्रकार ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल साठवण्याची पद्धत), माउंट पॉइंट '/' (म्हणजे लिनक्सचे मूळ फोल्डर). ईएफआयचे छोटे पार्टिशन आधीच आहे, त्यातच विंडोज आणि लिनक्स दोघांची बूट फाइल राहते. ते फॉरमॅट करू नका.

श्रिंक आणि इन्स्टॉल चालू असताना बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा. उन्हाळ्यात दुपारी वीज जाते तेव्हा नुसत्या चार्जरवर, थकलेल्या बॅटरीने हे काम करू नका.

प्रश्न : लिनक्स नीट बसले, पण विंडोजच्या डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह होत नाही. 'रीड ओन्ली' म्हणते. दुसरे म्हणजे, लिनक्स वापरून विंडोज उघडले की घड्याळ मागे पडते. सकाळी १० वाजता ४.३० दाखवते. बॅटरीचा सेल गेला का?
– एक विद्यार्थी, हिंगणा रोड, नागपूर

उत्तर : सेल ठीक आहे. फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे ना? लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवते, लिनक्स ग्रीनिचची. लिनक्सने तिथे ४.३० लिहिले आणि विंडोजने तेच खरे मानले. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेला 'सेट-लोकल-आरटीसी १' हा पर्याय द्या. त्यावर एक इशारा दिसेल. तो मुख्यतः घड्याळ वर्षातून दोनदा पुढेमागे करणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे तशी पद्धत नाही, त्यामुळे चिंता नको.

डी ड्राइव्हचे कारण फास्ट स्टार्टअप. ते चालू असताना 'शट डाउन' म्हटले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, गाभा डिस्कवर जतन करून झोपते. अशा अर्धवट ड्राइव्हवर लिहिले तर फाइली बिघडतील म्हणून लिनक्स लिहू देत नाही, आणि ते योग्यच आहे. जबरदस्तीने उघडण्याच्या युक्त्या करू नका. फास्ट स्टार्टअप बंद करून विंडोज एकदा रीस्टार्ट करा.

प्रश्न : इन्स्टॉलरला माझी एसएसडीच दिसत नाही, फक्त पेनड्राइव्ह दिसतो.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : बायोसमध्ये इंटेलचे आरएसटी किंवा व्हीएमडी (एसएसडी हाताळण्याच्या इंटेलच्या खास पद्धती) चालू असावे. ते थेट बदलून एएचसीआय (डिस्क हाताळण्याची सर्वसाधारण पद्धत) केले तर विंडोज उघडणार नाही, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येईल. रिकव्हरी की हाताशी ठेवा आणि मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आठवून बघा, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही. मग विंडोजच्या 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये 'सेफ बूट'वर खूण करून रीस्टार्ट करा, त्याच वेळी बायोसमध्ये शिरून एएचसीआय निवडा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि नवा ड्रायव्हर उचलेल. खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. आता इन्स्टॉलरला एसएसडी दिसेल.