प्रियसचा कॅट बदलू की गाडीच काढून टाकू?

प्रश्न : दादा, आम्ही फ्रीमाँट, कॅलिफोर्नियाला असतो. २००७ ची प्रियस (टोयोटाची हायब्रिड, पेट्रोल अधिक बॅटरी) आहे, १ लाख ८० हजार मैल झालेत. चेक इंजिन लाइट लागलाय, कोड पी०४२०. मेकॅनिक म्हणतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅट, गेला, ओरिजिनल टाकायचा तर गाडीच्या किमतीएवढा खर्च. ऑनलाइन खूप स्वस्तात मिळतोय, आणि भाऊ म्हणतो पुण्याहून बॅगेत घालून आणतो. पुढच्या महिन्यात स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची सरकारी तपासणी आहे, काय करू?
– एक वाचक

उत्तर : भावाला म्हणावं बाकरवडी आण, कॅट नको. भारतात प्रियस विकायला आली तीच २०१० मध्ये, पुढच्या पिढीची, आणि समजा पाइप कसाबसा बसवलात तरी तुमच्याकडे तो चालायचा नाही. कॅलिफोर्नियात एकतर कंपनीचा ओरिजिनल लागतो नाहीतर कार्ब, म्हणजे तिथलं एअर रिसोर्सेस बोर्ड, त्यांनी मान्यता दिलेला. दुसऱ्या गाडीचा काढलेला, वापरलेला तर बेकायदाच. मान्यतेचा ईओ नंबर कॅटच्या पत्र्यावर असतो, पण तो तुमच्याच मॉडेल, साल आणि इंजिनला लागू आहे का ते कार्बच्या साइटवर बघा, नुसता नंबर दिसला म्हणून खूश होऊ नका. ऑनलाइन स्वस्तातला बहुतेक ‘फेडरल’, म्हणजे नुसत्या केंद्राच्या नियमांचा असतो, बऱ्याच राज्यांत चालतो, तुमच्याकडे स्मॉगवाला खाली वाकून बघतो आणि फेल करतो.

पण कॅट खरंच गेलाय का हे कुणी तपासलं? कोड वाचला म्हणजे निदान झालं असं नाही. धड कॅट ऑक्सिजन साठवतो, त्यामुळे त्याच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.६-०.७ वर शांत राहतं, तो वरखाली नाचायला लागला की पी०४२० येतो. पण एक्झॉस्ट कुठे लीक असेल तरी तो नाचू शकतो. म्हणून आधी लीक बघायचा, मग लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनातले सेन्सरचे आकडे. आता प्रियस उभी राहिली की इंजिन बंद, मग डेटा बघणार कसा, तर त्यासाठी मेंटेनन्स मोड असतो, त्यात इंजिन सलग चालू राहतं. मेकॅनिकला हा मोड माहीतच नसेल तर सरळ हायब्रिडवाला दुसरा शोधा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी ऑइल खाते का? इतक्या मैलांना खाऊ शकते. जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटच्या आतल्या जाळीवर बसतो आणि कॅट मरतो, मिसफायर असेल, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर ते कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जळून जाळी वितळते. ते दुरुस्त न करता नवीन टाकलात तर तोही जाणार, आणि कार्बवाल्याला ५ वर्षं किंवा ५० हजार मैल वॉरंटी असली तरी ऑइलने मारलेला कॅट कोण बदलून देणार! गाडी भसाभस ऑइल पीत असेल तर मी पैसे घालणार नाही, विकून मोकळे व्हा. नसेल खात आणि हायब्रिडची मोठी बॅटरी धड असेल तर कार्बवाला टाका, ओरिजिनलचा हट्ट नको.

स्मॉग टेस्टच्या आदल्या दिवशी कॅटचं काम करू नका हं. कोड पुसला की मॉनिटर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतः केलेल्या तपासण्या, रिकामे होतात, तुमच्या सालच्या गाडीला फक्त इव्हॅपचा, म्हणजे पेट्रोलच्या वाफेचा, अपुरा चालतो, म्हणून आधी काही दिवस हायवे-सिटी दोन्ही फिरवा.

जुन्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्याची किंमत बिलातून वजा करायला सांगा. नवीन बसवतानाच खाली शील्डची प्लेट पण लावून घ्या, प्रियस चोरांची लाडकी आहे, करवत घेऊन आला की दोन-तीन मिनिटांत कापून नेतो.