बायपासनंतर छातीच्या जखमेतून पाणी येते, प्रतिजैविक सुरू करावे का?

आपल्या वडिलांच्या बायपास शस्त्रक्रियेला १२ दिवस झाले आहेत, छातीवरच्या जखमेच्या खालच्या टोकातून थोडे पिवळसर पाणी येते आणि घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू कराव्यात का, असे आपण विचारले आहे. गोळ्या सुरू करू नका आणि जखम आजच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, असे मी सांगेन. हृदयशस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून अनेक वर्षे ड्रेसिंग करताना मी हे वारंवार पाहिले आहे, की कल्चरसाठी, म्हणजे स्रावातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, नमुना घेण्याआधीच गोळ्या पोटात गेल्या की जंतू अर्धवट दबतात, अहवालात दिसत नाहीत आणि नेमके कोणते औषध लागू पडेल हे ठरवणे अवघड होऊन बसते.

आपल्याला दिसते ती त्वचेची जखम आहे. तिच्याखाली छातीचे मधले हाड उभे कापून पोलादी तारांनी पुन्हा जोडलेले असते आणि ते भरून यायला साधारण ६ ते ८ आठवडे, काहींना तीन महिनेही लागतात. संसर्ग त्वचेपुरता असला तर ड्रेसिंग आणि औषधांनी तो बहुधा आटोक्यात येतो. हाडापर्यंत किंवा हाडामागच्या हृदयाभोवतीच्या पोकळीपर्यंत गेला तर जिवावर बेततो. असा खोल संसर्ग शंभरातल्या साधारण एक-दोन रुग्णांनाच होतो, पण तो बहुतेक वेळा पहिल्या महिन्यात, म्हणजे रुग्ण घरी गेल्यावर, डोके वर काढतो आणि म्हणूनच पहिली चाहूल घरच्यांनाच लागते.

म्हणून वडिलांना एक प्रश्न आवर्जून विचारा: खोकताना किंवा कुशीवर वळताना छातीत हाड सरकल्यासारखे, ‘कट’ असे काही जाणवते का? जखम वरून कोरडी असूनही हाड हलत असेल, तर कडेच्या किंचित लालीपेक्षा मला त्याची चिंता अधिक वाटते. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढली असेल, पाण्याऐवजी पू येत असेल किंवा जखमेची कड उसवली असेल, तर सकाळची वाट न पाहता तातडीच्या विभागात जा. पायातून शीर काढली असेल तर तिथली जखमही पाहा; छातीच्या काळजीत तिच्याकडे दुर्लक्ष होते.

प्रतिबंधाविषयीही आपण विचारले आहे. त्याचा मोठा भाग शस्त्रक्रियेपूर्वीच घडतो: तंबाखू काही आठवडे आधी बंद करणे, रक्तातली साखर आटोक्यात आणणे, केस वस्तऱ्याऐवजी क्लिपरने काढणे, त्वचेला चीर देण्यापूर्वीच्या एका तासात प्रतिजैविक शिरेतून देणे. पुष्कळ माणसांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू काहीही त्रास न देता राहत असतो आणि तोच पुढे छातीच्या जखमेत सापडतो, म्हणून नाकात म्युपिरोसिन हे प्रतिजैविक मलम लावले जाते. प्रतिजैविक आणखी आठवडाभर चालू ठेवा, असा आग्रह नातेवाईक धरतात. परंतु संसर्ग नसताना ते ४८ तासांपलीकडे दिल्याने संरक्षण वाढत नाही, औषधाला दाद न देणारे जंतू मात्र वाढतात. मधुमेही आणि स्थूल रुग्णांत धोका अधिक असतो. बायपाससाठी छातीच्या आतली धमनी वळवली की त्या बाजूच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. दोन्ही बाजूंच्या धमन्या वापरल्या असतील तर मधुमेही आणि स्थूल रुग्णांना विशेष जपावे लागते.

घरी करायचे ते साधे आहे, पण रोज करायचे आहे. जखमेला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवा, जखम स्वच्छ कापडाने टिपून कोरडी ठेवा, पावडर किंवा मलम स्वतःच्या मनाने लावू नका, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायला लावा आणि चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलू देऊ नका. स्तनांचा भार जखमेवर ओढ आणतो, त्यामुळे स्त्री-रुग्णांना आधार देणारी मऊ ब्रा लवकर घालायला सांगतात. या गोष्टीविषयी बोलायला रुग्ण संकोचतात, म्हणून मी ती स्वतःहून सांगत असे.

संसर्ग खोल निघालाच, तर सीटी स्कॅन करतात, छाती पुन्हा उघडून गरजेप्रमाणे तारा आणि मृत भाग काढतात, अनेकदा जखमेत स्पंज बसवून यंत्राने सतत स्राव ओढून घेतात आणि जखम स्वच्छ झाल्यावर हाड पुन्हा जोडतात किंवा छातीचा स्नायू वळवून ती झाकतात. शिरेतून प्रतिजैविके कित्येक आठवडे चालतात. उघडी छाती पाहून घरचे लोक हादरतात, आणि ते स्वाभाविकच आहे, पण आतला पू निघाल्याशिवाय नुसत्या औषधाने हा संसर्ग बरा होत नाही.

आज जाताना डिस्चार्जचा कागद, गेल्या काही दिवसांच्या साखरेच्या नोंदी आणि जखमेचे तारखेसह काढलेले फोटो सोबत न्या. जखमेवरचे ड्रेसिंग फेकू नका. स्रावाचा रंग आणि प्रमाण डॉक्टरांना त्यावरून कळते.