'सटकली' म्हणजे नेमकं काय सटकतं?

लातूरच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : 'मला आवडलेला सिनेमा' या निबंधात नववीतल्या मुलाने लिहिलं, "मग साहेबांची सटकली आणि गरिबाला न्याय मिळाला." 'सटकली' लाल शाईने खोडावं की ठेवावं? आणि वर्गात कुणी विचारलं, बाई, काय सटकली, तर सांगायचं काय?

खोडू नका, असं माझं मत आहे. शब्द अस्सल मराठी आहे आणि त्याची घडणही मराठीच. आपल्या बोलण्यात अशी कितीतरी वाक्यं आहेत ज्यांत क्रियापद स्त्रीलिंगी असतं आणि नाम गायब. 'त्याची चांगली जिरली.' काय जिरली? रग, मस्ती, घमेंड, काहीही म्हणा. 'एक ठेवून दिली', 'कानाखाली वाजवली' : इथे चपराक किंवा थप्पड मनात धरलेली असते. 'माझी टरकली' मध्ये तर नेमकी कोणती वस्तू टरकली हे मुलांसमोर न विचारलेलंच बरं. भांडण, भीती, मारामारी आली की मराठी माणूस नाम गिळतो आणि क्रियापदाला ईकार लावून मोकळा होतो. 'सटकली' याच कुळातली. नाम हवंच असेल तर 'कवटी' म्हणा किंवा मुंबईच्या हिंदीतली 'खोपडी'.

पण आपल्या मराठवाड्यात राग चढण्याची जागा बहुतेक नपुंसकलिंगी असते : डोकं, डोस्कं, टाळकं, टकुरं. त्या मुलाची आजी 'माझं टाळकं सटकलं' म्हणेल, 'माझी सटकली' म्हणणार नाही. तो ईकार आपल्याकडे रुजला तो २०११च्या 'सिंघम'मधल्या 'आता माझी सटकली' या संवादातून. कथा मूळ तमिळ, सिनेमा हिंदी, पण त्यातला पोलीस अधिकारी बाजीराव सिंघम संतापला की मराठीत बोलतो! आपल्या भाषेला पडद्यावर जी कामं मिळाली त्यांत हे एक ठळक काम आहे, आणि म्हणूनच शब्दाकडे जरा निरखून पाहावंसं वाटतं.

सटकणे म्हणजे पकडीतून निसटणे. हातातली दोरी सटकते, गोफणीतला दगड सटकतो. लहानपणी मी हा शब्द सर्वांत जास्त ऐकला तो शेतात. जुवाच्या टोकाला बैलाची मान अडकवायला लाकडी खुंटी असते, ती शिवळ. "आरं, शिवळ सटकली बघ!" अशी आरोळी आली की औत जागेवर थांबायचं, कारण शिवळ निघाली की बैल जुवाबाहेर गेलाच. 'माझी सटकली' ची व्युत्पत्ती हीच, असा माझा दावा नाही. पण तो संवाद कानावर पडला की मला ती खुंटीच दिसते. आणि गंमत नाही, खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट आहे : हेच क्रियापद आपण आरोपीलाही लावतो. 'पोलिसांच्या हातावर तुरी देऊन आरोपी सटकला.' आरोपी कायद्याच्या पकडीतून सटकतो, आणि मग सिनेमात साहेबांची सटकते तेव्हा साहेबही त्याच पकडीतून बाहेर पडलेले असतात.

१९८३च्या 'अर्धसत्य' सिनेमात फौजदार अनंत वेलणकरचीही सटकते, तो शब्द तिथे नसला तरी. कोठडीतला एक किरकोळ चोर त्याच्या मारहाणीत मरतो. शेवटी तो रामा शेट्टी या गुंड पुढाऱ्याचा गळा आवळतो आणि स्वतः ठाण्यात जाऊन हजर होतो. तिथे सटकणं म्हणजे कोसळणं होतं. पुढच्या सिनेमांत तेच शिट्टी मारण्याजोगं झालं. २०२३च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका जाहीर भाषणात 'सिंघम'च्या शेवटाचंच उदाहरण घेतलं होतं. अख्खं पोलीसदल एका पुढाऱ्यावर चालून जातं आणि न्याय झाला असं दाखवलं जातं, पण तो खरंच झाला का, असा त्यांचा प्रश्न होता.

असं असताना शिट्टी का मारावीशी वाटते, हे मला माझ्या काकांमुळे कळलं. त्यांच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली तेव्हा मी त्यांच्यासोबत ठाण्यात गेलो होतो. पहिल्या दिवशी 'साहेब बंदोबस्ताला गेलेत'. दुसऱ्या दिवशी 'साधा अर्ज लिहून ठेवा'. अशी चोरी दखलपात्र गुन्हा आहे, फिर्याद नोंदवून तिची प्रत मोफत द्यावी लागते, हे मी हळूच बोललो तर काकांनीच माझा हात दाबला. बाकावर बसून ते टोपीची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते. परतताना एसटीत म्हणाले, "राग लई आलता रे. गिळला." हेच काका 'सिंघम' बघताना खुर्चीतून उठून ओरडले होते.

'गिळला' आणि 'सटकली', दोन्ही रागाचीच क्रियापदं. पण 'माझी सटकली' म्हणायला अंगावर वर्दी लागते, नाहीतर खिशात पैसा, नाहीतर मागे माणसं. काकांनी ठाण्यात ते वाक्य उच्चारलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना त्या नववीतल्या मुलालाही आहे. ज्याने आयुष्यभर गिळला, तो दुसऱ्याची सटकलेली पाहायला तिकीट काढतो. त्याला मी नावं ठेवणार नाही.

मराठीत या गिळलेल्या रागासाठी एक शब्द आहे, आणि आपल्या भागात, जिथे १९४८पर्यंत निजामाच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चालायचा, तो अजूनही जिभेवर ताजा आहे : फिर्याद. मूळ फारसीत याचा अर्थ आक्रोश, मदतीसाठी फोडलेला टाहो. टाहो कागदावर उतरवून घ्यायचा, हे ठाण्याचं पहिलं काम, ते या शब्दातच लिहिलेलं आहे. ते झालं नाही की माणूस सटकण्याची वाट बघू लागतो.

तेव्हा बाई, 'सटकली' राहू द्या. लाल रेघ ओढायचीच तर ती 'आणि'खाली ओढा. 'साहेबांची सटकली आणि गरिबाला न्याय मिळाला' : या दोन वाक्यांच्या मध्ये फिर्याद, पंचनामा, तपास, दोषारोपपत्र, साक्षी, उलटतपासणी, निकाल एवढं सगळं त्या दोन अक्षरांनी गिळून टाकलं आहे. मुलाला 'आणि'च्या जागी हे शब्द एकेक करून भरायला सांगा. निबंध लांबेल, पण नववीतल्या मुलाला तेवढं जमतं.