वाचकांचे प्रश्न : पुढच्या शाफ्टचे सेंटर बेअरिंग कोठे आणि कसे बसवावे?

प्रश्न : माझ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपचा गिअरबॉक्स बदलल्यामुळे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, पूर्वीपेक्षा मागे गेला आहे. पुढच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा शाफ्ट आता लांब झाला असून चाक खाली लोंबले की तो गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीला, घासतो. शाफ्ट दोन तुकड्यांत करावा आणि मध्ये आधाराला प्लमर ब्लॉक, म्हणजे लोखंडी घरातले कडक बेअरिंग, घेऊन तो चासीला वेल्ड करावा, असे आमच्या मेस्त्रींचे मत आहे. हे योग्य ठरेल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : दोन तुकड्यांचा शाफ्ट हा तुमच्या अडचणीवरचा योग्य उपाय आहे, प्लमर ब्लॉक चासीला वेल्ड करणे मात्र कृपया टाळावे. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस हे सगळे रबरी माउंटिंगवर उभे असल्याने जोर लागला की हलतात आणि खडकाळ रस्त्यावर चासीही पिळवटते. ट्रान्सफर केस ते बेअरिंग या पहिल्या तुकड्याला लांबी कमी-जास्त करणारा स्लिप जॉइंट नसतो, त्यामुळे बेअरिंग चासीला घट्ट जखडले तर ही सारी हालचाल बेअरिंगवर आणि ट्रान्सफर केसच्या आउटपुट बेअरिंगवर येते. बेअरिंग चासीवर बसवायचे असेल तर ते रबरी कड्यातले हवे. कडक बेअरिंगच वापरायचे असेल तर त्याचा हात गिअरबॉक्सच्या किंवा ट्रान्सफर केसच्या अंगालाच बोल्टने जोडावा, म्हणजे दोन्ही एकत्र हलतील. तुमच्यासाठी मी रबरी कड्याचे बेअरिंगच सुचवेन. लांब व्हीलबेसच्या पिकअप आणि छोट्या ट्रकना कारखान्यातूनच दोन तुकड्यांचा शाफ्ट येतो. अशा गाडीचे बेअरिंग आणि त्याच मापाचा स्टब, म्हणजे बेअरिंगमध्ये बसणारा शाफ्टच्या टोकाचा तुकडा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधावा, म्हणजे पुढे बदलण्याची वेळ आली तर सुटा भाग बाजारात मिळेल.

बेअरिंगची जागा मोकळ्या जागेवरून नव्हे, तर कोनांवरून ठरवावी लागते. क्रॉस जॉइंट, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा सांधा, कोनात फिरत असताना त्याच्या पलीकडचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. एकाच शाफ्टच्या दोन टोकांना समान कोनाचे क्रॉस असतील आणि त्यांचे योक, म्हणजे क्रॉसला धरणारे कान, एका रेषेत असतील, तर हा चढउतार एकमेकांत फिटतो. पहिल्या तुकड्याला मात्र एकच क्रॉस असतो, तेव्हा त्याचा चढउतार फेडणारे कोणी नसते. म्हणून तेथील कोन साधारण अर्धा ते दीड अंश इतकाच ठेवावा. तो अगदी शून्यही नको, कारण तसे झाले तर क्रॉसमधल्या बेअरिंगच्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खाचा पाडतात.

पुढच्या शाफ्टची खरी अडचण येथेच आहे. इंजिन मागच्या बाजूला किंचित झुकलेले असते, त्यामुळे ट्रान्सफर केसचा पुढचा दांडा, म्हणजे आउटपुट, पुढे जाताना वर चढतो आणि अ‍ॅक्सल मात्र खाली असतो. समजा, आउटपुट ४ अंश वर चढतो आहे. पहिला तुकडा ३ अंश चढता ठेवला तर क्रॉसवर १ अंश उरतो आणि ४५० मिमी लांबीत बेअरिंगचे केंद्र आउटपुटपेक्षा सुमारे २४ मिमी वर येते. आता दुसरा तुकडा पुढे ९ अंश उतरत असेल, तर बेअरिंगजवळचा कोन १२ अंशांचा होतो. एका क्रॉसला हे फार आहे. तेथे डबल जॉइंट, म्हणजे दोन क्रॉसचा सांधा, घातला तर प्रत्येक क्रॉसकडे ६ अंश जातात, पण मग पिनियनचे, म्हणजे शाफ्ट ज्याला जोडतो त्या अ‍ॅक्सलच्या दांड्याचे, तोंड एखाद्या अंशाच्या फरकाने दुसऱ्या तुकड्याच्या रेषेत हवे. ते वर करण्यासाठी अ‍ॅक्सल फिरवला की कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, तितकाच घटतो आणि स्टिअरिंग भटकू लागते. माझ्या मते येथे कॅस्टरला आधी मान द्यावा. फ्री-व्हीलिंग हब, म्हणजे चाक अ‍ॅक्सलपासून सोडवता येणारे हब, असतील तर डांबरी रस्त्यावर पुढचा शाफ्ट थांबलेलाच असतो, तेव्हा पिनियनकडचा थोडा उरलेला कोन चालून जातो. हब नसतील तर चाके तो शाफ्ट सतत फिरवतात आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर वेग घेताच कंप जाणवू लागतो.

ब्रॅकेट ६ मिमी पत्र्याचे, रिब दिलेले आणि बोल्टने निघणारे असावे. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीत भोके पाडू नयेत, उभ्या बाजूत पाडावीत. चासी बंद पेटीसारखी असेल तर बोल्टसाठी आत नळी बसवावी, नाहीतर आवळताना पत्रा दबतो. गाडी चाकांवर उभी असताना, सगळे वजन पडलेले असताना, ब्रॅकेट आधी फक्त टॅक करावे, म्हणजे वेल्डचे दोन-चार ठिपके देऊन धरावे. बेअरिंग शाफ्टशी बाजूने आणि वरून, दोन्हीकडून काटकोनात असावे. भोके लांबट ठेवून बोल्ट सैल ठेवावेत, शाफ्ट हाताने फिरवावा, बेअरिंग आपली जागा घेते. मग रबर कोठेही ताणलेले किंवा पिळलेले नाही हे पाहून, गरज असेल तेथे पॅकिंग देऊन बोल्ट आवळावेत. वेल्डिंग करताना बेअरिंग आणि रबर काढून ठेवणे आवश्यक आहे.

स्लिप जॉइंट दुसऱ्या तुकड्यातच असावा. चासी घोडीवर घेऊन अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडावा, नंतर जॅकने पूर्ण वर न्यावा. दोन्ही टोकांना स्लिप निसटत नाही, तळाला टेकत नाही आणि शाफ्ट क्रॉसमेंबर, सायलेन्सरचा पाइप किंवा ब्रेकचा होज यांपैकी कशालाही लागत नाही, याची खात्री करावी. तयार शाफ्टचे डायनॅमिक बॅलन्सिंग करून घ्यावे आणि पहिल्या तुकड्याभोवती पट्टीचा गार्ड लावावा. मूळ गाडीत असे फेरफार करताना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होऊ शकते, म्हणून कामाआधी आपल्या आरटीओत विचारणा करावी.

प्रश्न : पावसाळ्यात हिंदमाताजवळ साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर सेंटर बेअरिंग घरघर करू लागले आहे. ग्रीस भरून भागेल का?
– एक वाचक, परळ

उत्तर : बहुतेक सेंटर बेअरिंग सीलबंद असतात आणि त्यांना ग्रीस भरायचे निपल नसते. आत पाणी शिरले की गोळ्यांवर गंज चढतो आणि बाहेरून ग्रीस फासून तो जात नाही. बेअरिंग बदलावे, त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाणी उडवणाऱ्या चकत्या परत बसवल्या आहेत का ते पाहावे, आणि शाफ्ट सुटा करण्यापूर्वी योकवर खुणा कराव्यात. तोच शाफ्ट पुन्हा जोडताना योक एका दाताने जरी चुकला, तरी नव्या बेअरिंगसह कंप सुरू होईल.