समान संधी कक्षातले काम आणि प्राध्यापकीची वाट

“मी या कामात राहिले, तर प्राध्यापक होण्याची माझी वाट कायमची बंद होईल का?” महाविद्यालयांतील समान संधी कक्षांत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी काम करणारी तरुण मंडळी माझ्याकडे येतात, तेव्हा हा प्रश्न बहुतेकदा पहिल्याच भेटीत निघतो. ज्या सल्लार्थींविषयी येथे लिहीत आहे, त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. अर्थशास्त्रात एम.ए. झालेल्या या बाईंची सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, थोडक्यात हुकली होती आणि तोवर हाताला काहीतरी काम असावे म्हणून त्यांनी कक्षाच्या समन्वयकाचे कंत्राटी पद स्वीकारले होते. ते ‘तोवर’ चौथ्या वर्षात गेले होते.

पगार अपुरा होता, दरवर्षी नूतनीकरणाची टांगती तलवार होती, पण त्यांचे दुःख वेगळेच होते. शिक्षकवर्गात त्यांची ओळख ‘लेखनिक मिळवून देणाऱ्या मॅडम’ अशी झाली होती; लेखनिक म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्याने परीक्षेत सांगितलेली उत्तरे लिहून देणारी व्यक्ती. परीक्षा जवळ आली की फोन यायचे, एरवी कोणाला आठवण नसायची. “सर, मी ना धड शिक्षक, ना धड कर्मचारी,” असे त्या म्हणाल्या. मी त्यांना नोकरी सोडावी की टिकवावी हे विचारले नाही. गेल्या आठवड्यात नेमके काय काय केले, ते दिवसवार सांगा, एवढेच म्हटले.

त्या यादीत अर्ज, प्रमाणपत्रे आणि परीक्षा विभागाशी पत्रव्यवहार होताच. पण हे काम केवळ कारकुनी आहे, असे मानणाऱ्यांनी त्यामागचा कायदा एकदा वाचावा. दिव्यांग व्यक्तींविषयीच्या १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्याने ते २१ केले. त्यांत अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि थॅलेसेमियासारखे रक्तविकारही आले. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा आणि कमाल वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत आली. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे भरपाई वेळ ठरवून दिला. पुढे २०२१मध्ये, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या अटीपुरती मर्यादित ठेवता येणार नाही असे स्पष्ट केले. त्यामुळे समोर आलेल्या विद्यार्थ्याला नेमकी कोणती सोय लागेल, याचा निर्णय आता केवळ प्रमाणपत्रावरील आकडा पाहून घेता येत नाही. त्यासाठी विषय, परीक्षेचे स्वरूप आणि विद्यार्थी हे तिन्ही समजावे लागतात, आणि हे ज्याला समजते त्याला मी कारकून म्हणणार नाही.

बुधवारच्या नोंदीत त्यांनी नुसते ‘आलेख, दोन तास’ असे लिहिले होते. मी खोदून विचारले तेव्हा हकीकत कळली. प्रथम वर्षाच्या एका अंध विद्यार्थिनीला मागणी वक्र, म्हणजे किंमत आणि मागणी यांचा संबंध दाखवणारा आलेख, समजत नव्हता. प्राध्यापकांनी दिलेली टिपणे स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये होती, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या दृष्टीने प्रत्येक पान हे एक मुके चित्र. बाईंनी मजकूर टाइप करून दिला आणि आलेखाच्या जागी ‘वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो’ असे वाक्य घातले. “उतरतो म्हणजे सरळ की वाकून? आणि सगळीकडे सारखाच?” असे त्या मुलीने विचारले. तेव्हा त्यांनी पुठ्ठ्यावर जाड दोरा चिकटवून दोन अक्ष आणि वक्र तयार केला. मुलीचे बोट वक्रावरून खाली आले, उजवीकडे जरा थांबले, आणि ती म्हणाली, “इथे उतार कमी आहे. म्हणजे किंमत थोडी घटली तरी मागणी पुष्कळ वाढते. मग लवचीकताही इथेच जास्त ना?” उतार आणि लवचीकता एक नव्हे, लवचीकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते याचे माप, टक्केवारीतील बदलांवर ठरते आणि म्हणून सरळ रेषेवरसुद्धा ती बिंदूगणिक बदलते, हे उकलून सांगण्यात उरलेला वेळ गेला.

“आणि याला तुम्ही शिकवणे म्हणत नाही?” असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “कागदावर ते शिकवणे नाहीच.” त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि नुसता धीर देऊन हा मुद्दा बाजूला सारणे मला योग्य वाटले नाही. समन्वयक म्हणून केलेले काम अध्यापनाचा अनुभव म्हणून आपोआप धरले जात नाही, नियुक्तिपत्रात पद काय लिहिले आहे, यावर बरेच अवलंबून असते. मात्र वाट बंद होण्याचे कारण त्या समजत होत्या ते नव्हते. कक्षातल्या कामामुळे कोणी अपात्र ठरत नाही, अडचण होते ती त्या कामाच्या रेट्यात स्वतःच्या विषयाशी संबंध सुटल्यामुळे. शेवटचे अर्थशास्त्राचे पुस्तक केव्हा वाचले, या प्रश्नावर बाई बराच वेळ गप्प राहिल्या.

येथे पात्रतेचा एक गोंधळ दूर करायला हवा, कारण पुष्कळांची वर्षे त्यात जातात. या क्षेत्रात शिकवण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. विशेष शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांत शिकवायचे असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली अर्हता आणि परिषदेकडे नोंदणी लागते; १९९२च्या कायद्याने स्थापन झालेली ही परिषद त्या अभ्यासक्रमांचे नियमन करते. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य असा आपला मूळ विषय महाविद्यालयात शिकवायचा असेल, तर त्या विषयातील ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), सेट किंवा नियमानुसार पीएच.डी. हाच रस्ता आहे. २०२३च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. अनिवार्य राहिलेली नाही. बाई विशेष शिक्षणातील बी.एड. करण्याच्या विचारात होत्या. ती पदवी चांगली आहे, पण अर्थशास्त्राच्या प्राध्यापकपदाकडे ती त्यांना नेणार नव्हती.

जाता जाता आणखी एक सांगतो. स्वतः दिव्यांग असलेले उमेदवारही माझ्याकडे येतात आणि त्यांना जो तो ‘तुम्ही याच कक्षात काम करा’ असे सुचवतो. आवड असेल तर अवश्य करावे. पण शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षण काही दिव्यांग कक्षांपुरते नाही, आणि पदव्युत्तर गुणांच्या अटीत त्यांना ५ टक्के सवलत आहे. भौतिकशास्त्र शिकवू इच्छिणाऱ्या माणसाला केवळ त्याच्या कुबड्या पाहून समुपदेशनाकडे वळवणे मला मान्य नाही.

बाईंशी पुढच्या भेटींत ठरले ते असे. सेट होईपर्यंत नोकरी सोडायची नाही, मात्र आठवड्यातील ठरावीक वेळ अभ्यासासाठी राखायचा आणि तो कक्षाच्या कामात जाऊ द्यायचा नाही. स्पर्शाने वाचता येणारे आलेख आणि त्यांची शब्दवर्णने नीट नोंदवून अर्थशास्त्र अध्यापनावरील एक शोधनिबंध तयार करायचा, म्हणजे हे काम त्यांच्या विषयाच्या भाषेत इतरांपुढे येईल. प्राचार्यांकडे तासिका तत्त्वावर एक पेपर शिकवण्याची परवानगी मागायची आणि तिचे स्वतंत्र नियुक्तिपत्र घ्यायचे.

प्राचार्यांनी तोंडी होकार दिला आहे. अडचण सत्रअखेरची आहे, कारण अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई आणि लेखनिकांची जुळवाजुळव नेमकी एकाच महिन्यात येते. त्या महिन्यासाठी कक्षात मदतनीस मिळावा, असा अर्ज त्यांनी दिला आहे. त्याचे उत्तर आल्याशिवाय पेपर स्वीकारू नये, असे मी त्यांना सुचवले आहे.