रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाताना कराइतकंच शिक्क्यालाही जपा

तुम्ही लिहिलंय की आईंच्या नावावर बँकेतून निफ्टी इंडेक्स फंड घेतला, काही वर्षांनी स्टेटमेंट नीट पाहिलं तर तो 'रेग्युलर' निघाला, म्हणजे दरवर्षी विकणाऱ्याचं कमिशन कापून घेणारा; 'डायरेक्ट'मध्ये ते नसतं. डायरेक्ट करून द्या म्हटल्यावर शाखेतून उत्तर आलं, "आता हलवलंत तर सगळा टॅक्स बसेल, कशाला हात लावता?" सासूबाईंच्या फोलिओच्या (फंडातल्या खात्याच्या) वेळी आम्हीही जवळपास हेच ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इंडेक्स फंड म्हणजे निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड, हे तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

आधी कराचं बघू, कारण भीती त्याचीच घालतात. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने विकून पुन्हा घेणं, त्यामुळे कर लागू होतो हे खरं. पण 'सगळा' कुठून आला? २३ जुलै २०२४ पासून वर्षाहून जुन्या इक्विटी युनिटांच्या नफ्यावर साडेबारा टक्के, तोही आर्थिक वर्षातला पहिला सव्वा लाख नफा सोडून. तुमच्या नफ्याचा आकडा २ लाख ४० हजारांच्या आसपास आहे. एका दमात हलवलंत तर १ लाख १५ हजारांवर कर, म्हणजे सेस धरून १५ हजारांच्या आत. निम्मा नफा मार्चअखेरीच्या आधी आणि निम्मा एप्रिलमध्ये घेतलात, तर शून्य (आईंचा दुसरा असा नफा नाही असं धरून). यात एक गोम आहे. निम्मा नफा म्हणजे निम्मी युनिटं नव्हेत. सगळ्यात जुनी युनिटं आधी विकली असं धरतात आणि नफा बहुधा त्यांच्यावरच जास्त असतो. तेव्हा कॅपिटल गेन स्टेटमेंट काढून युनिटं मोजा आणि ३१ मार्चची वाट बघत बसू नका. शेवटच्या बारा महिन्यांतल्या एसआयपीच्या (दरमहा ठरलेल्या गुंतवणुकीच्या) हप्त्यांना आत्ता हात लावू नका. प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात आणि वर्षाच्या आत विकलं तर दर २० टक्के. मी सीए नाही, सेबीकडे नोंदलेली सल्लागारही नाही, तेव्हा आकडे एकदा तुमच्या माणसाकडून तपासून घ्याच.

आता शिक्क्याचं, म्हणजे अर्जावर बँक मारते त्या शिक्क्याचं. आम्हाला खरा फटका तिथे बसला.

सासूबाईंचा एक लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारा) फंड बँकेतूनच घेतलेला होता. २०१९ मध्ये तो त्याच कंपनीच्या इंडेक्स फंडात हलवायचं ठरलं. ऑनलाइनला त्यांचा ठाम नकार, "बँकेत आपला माणूस आहे ना!" काउंटरवर फॉर्म आला. योजनेचं नाव मी लिहिलं, पुढे 'डायरेक्ट' लिहिणार तोच त्या गृहस्थांनी फॉर्म अलगद ओढून घेतला. "मॅडम, बाकीचं आम्ही भरतो. आजींची सही तेवढी इथे, इथे आणि इथे." पुढच्या स्टेटमेंटमध्ये इंडेक्स फंड आला, पण रेग्युलर! फंड कंपनीकडून अर्जाची प्रत मागवली तेव्हा उलगडा झाला. वरच्या एआरएनच्या (वितरकाच्या, म्हणजे फंड विकणाऱ्याच्या, कोडच्या) चौकटीत बँकेचा निळा शिक्का होता आणि योजनेच्या नावापुढची जागा कोरी.

नियम असा आहे की वितरकाचा कोड असेल आणि प्लॅन लिहिलेला नसेल, तर अर्ज रेग्युलरमध्ये जातो. नावापुढे 'डायरेक्ट' असतं, तर शिक्का असूनही डायरेक्टच मिळाला असता. चौकट रिकामी राहिली असती, तरीही डायरेक्टच.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. शाखा म्हणे कंपनीला विचारा. कंपनी म्हणे अर्जात होतं तसं केलं. ते गृहस्थ बदलून गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंना 'जुनं प्रकरण' माहीत नव्हतं, मात्र एक विमा पॉलिसी समोर ठेवायला त्या विसरल्या नाहीत. पहिल्या बदलाचा कर भरून झालेला. लगेच पुन्हा हलवावं तर वर्षाच्या आतला, म्हणजे जास्त दराचा कर. शेवटी वर्ष उलटेपर्यंत कमिशन जाऊ दिलं. सह्या आमच्याच असल्यामुळे तक्रार करायलाही बळ नव्हतं.

माझं मत थोडं कडक वाटेल. ॲक्टिव्ह फंडात (जिथे शेअर मॅनेजर निवडतो) 'आम्ही निवडून देतो' असं म्हणायला निदान जागा असते. निफ्टीचे ५० शेअर एनएसईची कंपनी ठरवते, फंड मॅनेजरसुद्धा नाही. तिथे दरवर्षी कमिशन नेमकं कशाचं? अर्धा टक्का म्हणजे किरकोळ वाटतो. समजा १० लाख २० वर्षं ११ टक्क्यांनी वाढले, तर ८० लाखांच्या वर जातात. साडेदहाने वाढले, तर ७४ लाखांच्या आत राहतात. (११ टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही, फरक किती पडतो तेवढं बघा.) सगळे एजंट वाईट असंही नाही. सासरे गेल्यावर आमच्या ओळखीच्या एका जुन्या एजंटांनी युनिटं सासूबाईंच्या नावावर करायचे सगळे कागद स्वतः फिरून पुरे केले. त्यांचं कमिशन मला कधी खुपलं नाही.

तुम्ही शाखेत जाऊच नका. फंड कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा एमएफ सेंट्रलवरून (सगळ्या फंड कंपन्यांचे व्यवहार एकत्र करता येणाऱ्या साइटवरून) स्विच करा. कागदच भरायचा असेल, तर चौकटीत मोठ्या अक्षरांत 'डायरेक्ट' लिहा, योजनेच्या नावापुढेही लिहा, आणि कंपनीच्या किंवा रजिस्ट्रारच्या (कंपनीसाठी युनिटांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) कार्यालयात देऊन पोच घ्या. जुनी युनिटं हलली तरी एसआयपी रेग्युलरमध्येच चालू राहते, ती वेगळी बंद करून डायरेक्टमध्ये नवी सुरू करावी लागते. हे कुणी सांगत नाही. कमिशन जातंय यावर विश्वास बसत नसेल, तर सहा महिन्यांनी येणारं एकत्रित स्टेटमेंट काढा. वितरकाला किती दिलं, ते त्यात रुपयांत छापलेलं असतं. सासूबाईंना तो आकडा दाखवल्यावर 'आपला माणूस' हे शब्द घरात पुन्हा ऐकू आले नाहीत.

जाता जाता, निफ्टी घ्यावा की सेन्सेक्स यावर डोकं शिणवू नका, फार फरक नाही. डिफेन्स (संरक्षण क्षेत्र), मोमेंटम (भाव चढत असलेले शेअर) असल्या नव्या 'इंडेक्स' फंडांच्या जाहिराती मात्र सोडून द्या. नावात इंडेक्स असला तरी ती पैजच आहे.

एक गोष्ट तपासून कळवा. आईंच्या फोलिओत मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा नोंदवलाय? शाखेतल्या माणसाचा असेल, तर आधी तो बदलावा लागेल, नाहीतर ओटीपी त्याच्याकडेच जाईल. मग पुढचं सांगते.