बेळगावात नवीन आहे, कारसाठी विश्वासाचं गॅरेज कसं ओळखू?

आधी टॅक्सीवाल्यांना विचारा. गोवा-बेळगाव फेऱ्या करणाऱ्यांची गाडी बंद म्हणजे धंदा बंद, त्यामुळं कुठला मेस्त्री कामाचा आहे हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. मग पहिल्यांदा फक्त ऑइल-फिल्टर बदलायला गाडी न्या आणि तासभर तिथंच थांबा. न मागता जुना पार्ट हातात देणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

मागच्या पावसाळ्यात चोर्ला घाटातून आल्यावर माझे ब्रेक करकरायला लागले. एका गॅरेजात डिस्कसकट (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) सगळं बदला म्हणाले, चाकही न काढता! मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडं दुसऱ्या मेस्त्रीकडं गेलो. त्यानं चाक काढलं, ब्रेकचा पॅड (डिस्कला दाबून गाडी थांबवणारा भाग) माझ्या तळहातावर ठेवला. घासून जेमतेम 2 मिलिमीटर उरला होता (3 च्या खाली गेला की बदलायचाच). मग डिस्कवर बोट फिरवायला लावलं. खाच नाही, काठाला उंचवटा नाही. "डिस्क चांगली आहे, पुढचे चारी पॅड बदलूया," एवढंच बोलला. तेव्हापासून गाडी त्याच्याकडंच.

अंदाज कागदावर घ्या, पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून. जादा काम निघालं तर आधी फोन करायला सांगा. बिल कन्नडमध्ये असेल तर ओळ न ओळ समजावून घ्या, प्रामाणिक माणूस त्याला कंटाळत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या.